मुख्य प्रवाहाचा आग्रह आणि उर्दू शाळेचा बळी

महाराष्ट्रातील मुसलमानांच्या मागासलेपणाची चर्चा सुरू झाली की ती चार-सहा वाक्यांतच उर्दू शाळेपाशी येऊन थांबते. पोरे मागे का, तर उर्दू शाळा. नोकऱ्या का नाहीत, तर उर्दू शाळा. शेजारपाजाऱ्यांशी मिसळत का नाहीत, तर पुन्हा उर्दू शाळा. हे बोलणारे फक्त बाहेरचे असते तर एक वेळ दुर्लक्ष करता आले असते. पण आपल्याच मराठी मुसलमान लेखक-कार्यकर्त्यांच्या बैठकांत आणि परिसंवादांत हा सूर हमखास लागतो. उर्दू शाळा बंद करा, सगळी मुले मराठी शाळेत घाला, दहा-वीस वर्षांत समाज मुख्य प्रवाहात येईल, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. दुसऱ्या टोकाला उर्दूचे स्वयंघोषित राखणदार आहेत. उर्दू शाळेत मराठीचा एक तास वाढवा म्हटले तरी त्यांना कौमची तहजीब बुडाल्याचा भास होतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. म्हणजे दोन्ही बाजूंच्या हिशेबाने मी चुकीच्या जागी उभी आहे. त्यामुळे दोघांशीही भांडण्याचा हक्क मला पोहोचतो, असे मी समजते. आणि हे भांडण मी मराठीतच करणार आहे.

आधी आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमानांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख होती, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या साडेअकरा टक्के. त्याच जनगणनेत मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख होते. हे सगळेच्या सगळे मुसलमान धरले तरी पन्नास लाखांहून अधिक मुसलमान असे उरतात, ज्यांच्या मातृभाषेच्या रकान्यात उर्दू नाही. तेव्हा महाराष्ट्राचा मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरण खोटे आहे. पण महाराष्ट्राचा मुसलमान मुळात मराठीच, उर्दू त्याच्यावर कोणीतरी लादली, हे आपल्या मंडळींचे आवडते समीकरणही तितकेच खोटे आहे. मालेगाव-भिवंडीत मागावर बसणाऱ्या मोमिनांचे पूर्वज उत्तरेकडून आले, त्यांच्या घरात उर्दू आहे. चिपळूण-श्रीवर्धनच्या घरांत कोकणी आहे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे दखनी आहे. सातारा-सांगलीकडच्या मुलाणी, तांबोळी, अत्तार, शिकलगार यांच्या तोंडी दखनी आणि मराठी दोन्ही आहेत. घरात एक, बाजारात दुसरी. आणि त्या ७५ लाखांतही घरात दखनी बोलून कागदावर उर्दू लिहिणारे किती, ते जनगणनेचा कागद आपल्याला सांगत नाही. इतका गुंता असताना सगळ्यांना एकच औषध देणारा वैद्य मला तरी विश्वासाचा वाटत नाही.

आता मुख्य प्रवाहवाल्यांकडे वळू. या शब्दात एक गृहीत धरलेले आहे: प्रवाह त्यांचा, आणि आपण काठावर उभे. महाराष्ट्रातल्या किती मुसलमानांना "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" ही शाबासकी मिळालेली आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. ज्याच्या सात पिढ्या याच मातीत गेल्या त्याला ही शाबासकी पाहुण्याला द्यावी तशी दिली जाते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीत. बीदरच्या शहा मुंतोजींनी ग्रंथरचना केली ती मराठीत. पेशवाईच्या अखेरच्या काळात सगनभाऊंनी लावण्या रचल्या, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बार्शीच्या अमर शेखांनी मैदाने पेटवली. हमीद दलवाईंच्या 'लाट' आणि 'इंधन'मधून कोकणातला मुसलमान मराठी कथा-कादंबरीत आला. त्यांचे राजकीय म्हणणे पटो वा न पटो, हे श्रेय नाकारता येणार नाही. जात्यावर बसून मराठी ओव्या गाणाऱ्या मुसलमान बायांची तर गणतीच नाही. इतके असून मुसलमानाच्या मराठीचे आश्चर्य वाटत असेल, तर प्रश्न आपल्या भाषेचा नाही, ऐकणाऱ्याच्या कानाचा आहे.

समजा, उद्या सगळ्या मुसलमान मुलांनी मराठी शाळेत नावे घातली, तर पुढे काय होईल? मराठी मध्यमवर्गाने स्वतःची मुले केव्हाच इंग्रजी माध्यमात घातली आहेत. पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांतला पट उतरतो आहे. मराठीचे खरे अभिमानी ही गोष्ट जाहीरपणे आणि दुःखाने बोलतात. मग ज्या शाळेतून सांगणारा स्वतः बाहेर पडला, त्या शाळेत शिरा, हा उपदेश आपण कोणत्या तोंडाने ऐकावा? मराठी शाळेची गळती उर्दू शाळेने लावलेली नाही. एकाच पुरात दोन्ही शाळा वाहून चालल्या आहेत, आणि एकीने दुसरीला बुडवून तिचा जीव वाचणार नाही.

शिवाय मराठी उत्तम असली की दारे उघडतात, हेही अर्धसत्य आहे. शुद्ध मराठी बोलणारा, मराठीत एम. ए. झालेला मुसलमान तरुण शहरात भाड्याचे घर शोधायला निघतो, तेव्हा फोनवर सगळे ठरते आणि आडनाव सांगितले की घर आधीच दिले गेलेले असते. तिथे त्याचे व्याकरण कोणी तपासत नाही. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल संसदेपुढे आला. शाळकरी वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात जाणारी मुले जेमतेम तीन-चार टक्के आहेत, हे त्याने देशाला सांगितले. गरिबी, अर्ध्यावर सुटणारी शाळा, बँकेचे न मिळणारे कर्ज, सरकारी नोकरीतले नगण्य प्रमाण, अशी कारणे त्याने मांडली. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या डॉ. महमदूर रहमान समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. २०१४ साली मुसलमानांतील मागास घटकांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने त्यातले शिक्षणापुरते आरक्षण चालू ठेवण्यास मुभा दिली, आणि तरीही कायदा न झाल्याने अध्यादेशाची मुदत संपून गेली. तो अध्यादेश काही उर्दूत निघालेला नव्हता.

या वादात ज्यांचे नाव कोणी घेत नाही त्या मुलींचा मला सर्वांत जास्त विचार करावासा वाटतो. मोहल्ल्यातली उर्दू शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर असते. शिकविणाऱ्यांत बाया असतात, त्यांतल्या काही गल्लीतल्याच असतात. स्वतः शाळेचे तोंड न पाहिलेली आई तिथे येऊन "हिचं काय चाललंय?" असे न लाजता विचारू शकते. एवढ्या भरवशावर हजारो मुली दहावीपर्यंत पोहोचतात. ती शाळा बंद केलीत तर मुलगा दोन किलोमीटरवरच्या मराठी शाळेत कदाचित जाईल. मुलगी घरी बसेल, आणि दोन वर्षांत तिचे लग्न होईल. परिसंवादात टाळ्या घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा, मग शाळेला कुलूप लावण्याची भाषा करावी.

मूल घरात जी भाषा बोलते तिच्यातून त्याला प्राथमिक शिक्षण मिळावे, हे राज्यघटनेच्या ३५० क या अनुच्छेदात लिहिलेले आहे. २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला तेव्हा मराठी समाज खवळून उठला. कोवळ्या वयात मुलाचा पाया त्याच्या स्वतःच्या भाषेत पक्का होऊ द्या, असे त्या वेळी सर्वत्र सांगितले गेले, आणि २९ जूनला सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले. युक्तिवाद बिनतोड होता. मग घरात उर्दू बोलणाऱ्या पोराच्या बाबतीत तोच युक्तिवाद एकाएकी फुटीरतेचा पुरावा कसा होतो?

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकाचा निकाल दिला. फलकावर वर मराठी, खाली उर्दू. ती उर्दू काढा, एवढ्यासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, असे सांगून न्यायालयाने उर्दू तिथेच राहू दिली. निकाल वाचून आपल्याकडे पेढे वाटले गेले. मात्र त्या निकालाची दुसरी धार आपल्याकडे फिरते, हे फार थोड्यांच्या लक्षात आले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे जसे पातूरच्या तक्रारदाराला लागू आहे, तसेच आपल्या राखणदारांनाही लागू आहे.

उर्दू गेली की इस्लाम गेला, असे ज्यांना वाटते त्यांनी जरा नकाशा उघडावा. केरळचा मुसलमान मल्याळम बोलतो, त्याच्यातून वैकम मुहम्मद बशीर यांच्यासारखा लेखक निघाला, आणि त्याच्या दीनाला काही झाले नाही. तामिळ मुसलमानांकडे सतराव्या शतकापासून पैगंबरांचे चरित्रकाव्य तामिळमध्ये आहे. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात गोळ्या खाऊन पडलेले तरुण मुसलमान होते, आणि उर्दूच एकमेव राजभाषा करण्याच्या विरोधात ते बंगालीसाठी उभे राहिले होते. उर्दूवर माझे प्रेम आहे, तिच्यावर माझे पोट आहे. पण तिला धर्माचे सोवळे नेसवून कोपऱ्यात बसवणे म्हणजे तिचा सन्मान नाही. आणि हे सोवळे नेसवणाऱ्यांची स्वतःची मुले कुठे शिकतात? मुशायऱ्यात पहिल्या रांगेत बसून 'वाह वाह' करणारे, जलशात उर्दू बचावचे ठराव मांडणारे कितीतरी साहेबलोक जून महिन्यात इंग्रजी शाळेच्या रांगेत उभे असतात. उर्दू वाचवण्याचे काम त्यांनी रिक्षावाल्याच्या, बागवानाच्या आणि यंत्रमाग कामगाराच्या पोरांवर सोपवून दिले आहे.

त्या पोरांचे काय होते ते मी रोज पाहते. खालच्या वर्गांत 'सुलभभारती', नववी-दहावीला 'अक्षरभारती', अशी मराठीची पुस्तके त्यांच्या दप्तरात असतात. २०२० साली राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदाही झाला. कायदा आला, पण मराठी शिकविणारा प्रशिक्षित शिक्षक प्रत्येक उर्दू शाळेत आला असे झाले नाही. कितीतरी ठिकाणी ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात मराठी बांधली जाते. मग पत्रलेखनाचे दोन नमुने, पावसाळ्यावर एक निबंध आणि गाइडमधली प्रश्नोत्तरे पाठ करून पोरे पास होतात. दहा वर्षे मराठी 'शिकलेला' मुलगा रेशनकार्डाचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतो, बापाच्या जमिनीचा सातबारा त्याला वाचता येत नाही, आणि पोलीस ठाण्यात लिहून घेतलेल्या जबाबावर तो न वाचता सही करतो. पोलीस भरतीच्या, तलाठी भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण विचारतात, तिथे तो दारातच गळतो. दंगलीनंतर, धरपकडीनंतर मोहल्ल्यात काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना न वाचता केलेल्या सहीची किंमत ठाऊक आहे. तिथे तहजीब उपयोगी पडत नाही, मराठी वाचता येणेच उपयोगी पडते.

खरी गंमत, गंमत कसली, दुर्दैव, हे की ज्या कागदाला तो घाबरतो त्यातले निम्मे शब्द त्याच्याच घरचे आहेत. अर्ज, दाखला, तारीख, सही, फिर्याद, जबाब, वकील, जामीन, हक्क, दावा, कायदा, हजेरी, दप्तर, कागद, शाई, नकाशा. फारसी-अरबीतून हे शब्द मराठीने घेतले, झिजवले आणि आपले केले. माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश काढला. उर्दूचे बाबा म्हणून ज्यांना आपण मानतो त्या मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या परिणामावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे औरंगाबादेत गेली होती. हे पूल बांधलेले आहेत, त्यांवरून मुलांना चालवायला मात्र आपण तयार नाही. देवनागरी लिपीचा पडदा एकदा बाजूला झाला की 'फिर्याद' आणि 'जामीन' वाचताना पोरांचे डोळे कसे चमकतात, हे आमच्या राखणदारांनी एकदा वर्गात येऊन पाहावे.

याहून मोठा अन्याय आपण दखनीवर करतो. मूल "कायकू", "नक्को", "मैच आया था" म्हणाले की उर्दूचा शिक्षक त्याला दटावतो: गलत उर्दू! ही गलत उर्दू नाही. तो 'नक्को' मराठीच्या 'नको'तून आलेला आहे आणि 'मैच'मधला 'च' हा आपला मराठी 'च' आहे. याच बोलीत विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने 'किताब-ए-नौरस' रचले आणि गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशहाने गजला लिहिल्या. औरंगाबादचा वली जेव्हा उत्तरेत वाचला गेला, तेव्हा दिल्लीच्या शायरांना आपल्या बोलीत शायरी करण्याचा धीर आला. ज्या भाषेने उर्दूला बोट धरून चालवले तिलाच आपण आज वर्गाबाहेर उभे करतो. उर्दूच्या तासाला मुलाला कळते की अम्मीची भाषा चुकीची, आणि मराठीच्या तासाला कळते की ही भाषा आपली नव्हेच. मग त्याची स्वतःची भाषा उरली कोणती? कोकणातही हेच. लग्नाची गाणी, म्हणी, आज्जीच्या गोष्टी, सगळे कोकणीत. पण शिकलेली सून घरात उर्दू बोलू लागली की ती सुधारली, असे समजले जाते. 'सांस्कृतिक जतन' हा शब्द आपण ठरावात घालतो, आणि जे या मातीत, मराठीच्या शेजारात, पाचशे वर्षांत घडले तेच पहिल्यांदा टाकून देतो. लखनौची नक्कल करणे म्हणजे संस्कृती जपणे नव्हे.

मग करायचे काय? माझे म्हणणे साधे आहे आणि ते अमलात आणायला क्रांतीची गरज नाही. उर्दू शाळा राहिली पाहिजे, आणि तिच्यात मराठी नीट शिकविली गेली पाहिजे. पहिली-दुसरीत मराठी कानाने आणि तोंडाने यावी, गाण्यांतून, गोष्टींतून, बाजाराच्या खेळातून, लेखन त्यानंतर. त्यासाठी मराठीचा स्वतंत्र, प्रशिक्षित शिक्षक हवा, आणि उर्दू शाळांतली रिकामी पदे भरली गेली पाहिजेत. शाळेला कुलूप लावा म्हणणाऱ्यांनी या पदांसाठी एक तरी निवेदन दिले आहे काय? दखनी आणि कोकणी यांना वर्गात प्रवेश द्यावा, कारण मराठीकडे जाणारा सर्वांत जवळचा रस्ता त्यांच्या अंगणातून जातो. गणिताच्या तासाला 'मुसल्लस' शिकविताना शेजारी 'त्रिकोण' आणि 'ट्रँगल' लिहावे, 'जाविया'जवळ 'कोन' आणि 'अँगल' लिहावे. अकरावीला विज्ञान इंग्रजीतून आहे आणि आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मराठी चालते, तिथे हे मूल पहिल्याच दिवशी बहिरे होऊ नये एवढ्यासाठी. आणि ज्या मराठी शाळांत आपली मुले मोठ्या संख्येने आहेत तिथे उर्दू एक विषय म्हणून मागावी. तो वर्ग सर्वांना खुला असावा, पाटलाच्या पोरालाही गजल वाचायची हौस असू शकते.

शेवटी या अंकाच्या वाचकांशी आणि लेखकांशी दोन शब्द. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून मराठी मुसलमानाला स्वतःचा आवाज सापडला असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण आपल्या मंडपात उर्दू शाळेतला शिक्षक क्वचितच दिसतो. त्याला बोलावणे जात नाही, कारण आपल्या लेखी तो जुनाट, कोंडलेला, प्रतिगामी. मालेगावात उर्दूत कथा लिहिणारा मराठी वाचकाला ठाऊक नाही, आणि मराठीत लिहिणारा मुसलमान कवी उर्दू शाळेतल्या पोराला ठाऊक नाही. एकाच जिल्ह्यात, कधी एकाच गल्लीत राहणाऱ्या या दोघांची ओळख करून देणारे भाषांतर आपण केले नाही, तर कोण करणार? दुसऱ्याने आपल्याला परके मानले की आपण चिडतो, ते योग्यच आहे. मग आपल्याच घरातल्या उर्दूवाल्याला परका ठरवताना आपली जीभ का अडखळत नाही?

मराठी ही आपल्या हक्काची भाषा आहे. हक्काची भाषा शिकायला कोणाच्या प्रवाहात उडी मारावी लागत नाही आणि स्वतःच्या घराला कुलूपही लावावे लागत नाही. या वर्षीही दहावीच्या निकालाच्या दिवशी उर्दू शाळांतून हजारो मुली गुणपत्रिका हातात घेऊन बाहेर पडतील. त्या गुणपत्रिकेवर मराठीचे किती गुण आहेत, आणि त्या गुणांमागे खरोखर किती मराठी आहे, याची काळजी जो करील तोच या समाजाचा हितचिंतक. बाकीच्यांनी आपापले ठराव आपापल्याजवळ ठेवावेत.